व्होल्टेज प्रोटेक्टर की स्टॅबिलायझर? खरेदीपूर्वी घरातील दोष ओळखणे महत्त्वाचे

रायपूर : कोरबा येथील एनटीपीसीच्या एकाच केंद्राची क्षमता 2,600 मेगावॅट असल्याने छत्तीसगडची ओळख वीजनिर्मिती करणारे राज्य अशी आहे. तथापि, निर्मिती विपुल असली म्हणजे घरातील सॉकेटला योग्य दाबाची वीज मिळतेच असे नाही. तो दाब परिसरातील रोहित्रावरील भार, तारेची लांबी आणि जोडण्यांची स्थिती यांवर ठरतो. उन्हाळ्यात रायपूरचा पारा 44 अंशांपुढे जातो, तेव्हा कूलर आणि वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू होतात. अशा वेळी भारित वाहिन्यांच्या टोकावरील घरांत दाब घसरतो, तर मध्यरात्री भार उतरल्यावर तो पुन्हा चढतो. या चढउतारांपासून फ्रिज, टीव्ही वाचवण्यासाठी स्वयंचलित व्होल्टेज प्रोटेक्टर घेतले जातात. मात्र हे उपकरण काय करते आणि काय करत नाही, याची माहिती नसल्यास खर्च वाया जाण्याची शक्यता असते.

देशात घरगुती पुरवठ्याचा प्रमाण दाब 230 व्होल्ट आहे. भारतीय विद्युत नियम, 1956 मध्ये कमी दाबाच्या पुरवठ्यासाठी सहा टक्क्यांपर्यंतच्या चढउतारांची मर्यादा होती. म्हणजेच साधारण 216 ते 244 व्होल्ट हा अपेक्षित पट्टा मानता येतो.

प्रोटेक्टर हा दाब दुरुस्त करत नाही. तो दाबावर सतत लक्ष ठेवतो आणि ठरवलेल्या मर्यादेच्या खाली किंवा वर दाब जाताच रिलेद्वारे उपकरणाचा पुरवठा तोडतो. दाब पूर्ववत झाल्यावरही तो ठराविक वेळ थांबून मगच वीज जोडतो. स्टॅबिलायझर मात्र आतील ट्रान्सफॉर्मरच्या साहाय्याने कमी दाब वाढवतो किंवा जास्त दाब उतरवतो. त्यामुळे घरात रोज काही तास 180 व्होल्टच मिळत असतील, तर प्रोटेक्टर लावलेला फ्रिज तेवढा वेळ बंदच राहील. तेथे स्टॅबिलायझर उपयोगी ठरतो. याउलट, दाब एरवी ठीक असून अधूनमधून अचानक उसळत असेल, तर प्रोटेक्टर पुरेसा असतो.

सर्वांत घातक स्थिती न्यूट्रल तार तुटल्यावर किंवा सैल झाल्यावर उद्भवते. त्रिफेज व्यवस्थेत दोन फेजमधील दाब सुमारे 400 व्होल्ट असतो. न्यूट्रलचा आधार सुटला की कमी भार असलेल्या फेजवरील घरांत दाब त्या पातळीकडे झेपावतो, तर शेजारच्या फेजवरील घरांत तो कोसळतो. साध्या स्टॅबिलायझरची दुरुस्तीची क्षमता अशा वेळी अपुरी पडते. पुरवठा त्वरित तोडणे हाच उपाय असतो. त्यामुळे स्टॅबिलायझर घेताना त्यात उच्च दाबाला पुरवठा तोडण्याची सोय आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

कमी दाबही निरुपद्रवी नसतो. फ्रिजच्या साध्या कॉम्प्रेसरमधील मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 180 व्होल्टला तो सुमारे 61 टक्क्यांवर येतो. मोटर फिरू शकली नाही, तर ती जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि तिचे वाइंडिंग तापते. वीज गेल्यावर लगेच परत आल्यासही हाच धोका असतो, कारण कॉम्प्रेसरमधील वायूचा दाब समतोल होण्यास काही मिनिटे लागतात. म्हणून फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रासाठी तीन ते पाच मिनिटांच्या विलंबाची सोय असलेला प्रोटेक्टर निवडावा. टीव्ही किंवा राउटरसाठी काही सेकंदांचा विलंब पुरतो.

मर्यादा ठरवताना उपकरणाच्या माहितीपुस्तिकेला प्राधान्य द्यावे. त्यात उल्लेख नसल्यास फ्रिजसाठी खालची मर्यादा 170 ते 180 आणि वरची 260 ते 270 व्होल्टच्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे. 210 ते 240 असा अरुंद पट्टा ठेवल्यास पुरवठा वारंवार तुटतो आणि उपकरण विनाकारण बंद पडते.

क्षमतेकडे दुर्लक्ष करणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. दोन किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टला जवळपास नऊ अँपिअर प्रवाह घेतो. अशा उपकरणाला सहा अँपिअरचा प्रोटेक्टर लावल्यास त्याचे संपर्कबिंदू तापून एकमेकांना चिकटू शकतात आणि मग गरजेच्या वेळी पुरवठा तुटतच नाही. वातानुकूलन यंत्रासाठी किमान 16 अँपिअर क्षमतेचा प्रोटेक्टर घ्यावा. संपूर्ण घरासाठीचा प्रोटेक्टर मंजूर भारानुसार निवडून परवानाधारक वायरमनकडूनच मुख्य पॅनेलमध्ये बसवून घ्यावा.

प्रोटेक्टरमुळे इतर सुरक्षा साधनांची गरज संपत नाही. जास्त प्रवाह आणि शॉर्टसर्किटसाठी एमसीबी, विजेच्या धक्क्यापासून बचावासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि योग्य अर्थिंग आवश्यक असते. पावसाळ्यातील कडाडणाऱ्या विजेमुळे येणारा झोत काही मायक्रोसेकंदांचा असतो; रिले तेवढ्या वेगाने उघडू शकत नाही. त्यासाठी सर्ज संरक्षक लागतो आणि वादळात प्लग काढून ठेवणे अधिक सुरक्षित असते.

खरेदीपूर्वी आठवडाभर सकाळी, सायंकाळी आणि मध्यरात्री दाबाची नोंद ठेवल्यास दोष स्पष्ट होतो. दाब सतत कमी असेल, तर घरोघरी स्टॅबिलायझर बसवणे हा कायमचा उपाय ठरत नाही. 180 व्होल्टचे 230 करताना स्टॅबिलायझर तारेतून सुमारे 28 टक्के अधिक प्रवाह घेतो आणि वाहिनीच्या टोकावरील दाब आणखी घसरतो. अशा वेळी रोहित्राची क्षमता वाढवणे किंवा वाहिनीची दुरुस्ती करणे आवश्यक असते आणि ते काम वीज वितरण कंपनीचे आहे.

छत्तीसगडमध्ये राज्य वीज वितरण कंपनीकडे 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. केंद्राच्या वीज (ग्राहक हक्क) नियम, 2020 मध्ये दाबाच्या तक्रारींचे निवारण ठराविक मुदतीत करण्याची आणि विलंब झाल्यास भरपाई देण्याची तरतूद आहे. तक्रारीसोबत दाबाच्या नोंदी दिल्यास तिला बळ मिळते. काही दिवे अचानक अतिप्रखर आणि काही मंद होऊ लागले, तर मात्र नोंदींसाठी थांबू नये. हे न्यूट्रल तुटल्याचे लक्षण असू शकते. मुख्य स्विच तातडीने बंद करून कंपनीला कळवावे. खांबावरील तारेला स्वतः हात लावू नये.