मलविसर्जनवाचक शब्द आणि मज्जारज्जूच्या इजेचा रुग्ण

तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशा असो वा महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही गाव, मलविसर्जनासाठी मराठीने योजलेले शब्द चालत्या माणसाचे आहेत. ‘परसाकडे जाणे’, ‘बहिर्दिशेस जाणे’, ‘शौचास जाणे’ या सर्वांत क्रियापद एकच. मज्जारज्जूस इजा झालेला रुग्ण कोठे जात नाही. पुष्कळदा त्यास वेगही जाणवत नाही. तेव्हा ‘जाऊन आलात का?’ हा रुग्णालयातील सभ्य प्रश्न त्याच्यापुरता निरर्थक ठरतो. विचारावयाचे ते हे की, शौच शेवटी केव्हा झाले, किती झाले, घट्ट की पातळ.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर वा त्याहून वर असल्यास तुंबलेल्या मलाने रक्तदाब एकाएकी चढू शकतो. डोके ठणकते, चेहरा घामाने डबडबतो, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून रोज ठरल्या वेळी, जेवणानंतर सुमारे अर्ध्या तासाने, परिचारिका हातमोजा घालून, बोटास वंगण लावून गुदद्वार हळुवार उद्दीपित करते. कण्याच्या अगदी खालच्या भागातील इजेत ही प्रतिक्षिप्त क्रिया उरत नाही. तेथे मल बोटानेच काढावा लागतो. या कर्मास मराठीत सोज्ज्वळ शब्द नाही. घरी ते पत्नीच्या वा भावाच्या हाती येते, आणि त्यांना ते रुग्णालयातच, आडपडदा न ठेवता, शिकवावे लागते.