आंबोली ते मालवण : पावसाचा हिशेब

धुळ्याहून सावंतवाडीकडे निघालेल्या माणसाला नाशिक, पुणे, कोल्हापूर करीत जाताना आपण फार दूर आलो असे वाटत नाही. आजरा मागे पडून आंबोलीचे धुके एस.टी.च्या खिडकीतून आत शिरले, की मात्र त्याचा खानदेशी हिशेब चुकतो. धुळ्याला वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस. आंबोलीला तो ७,००० च्या घरात. आपली दहा वर्षे तेथे एका पावसाळ्यात उरकतात!

हे कर्तृत्व सह्याद्रीचे. भारतीय द्वीपकल्पाच्या पश्चिम कडेला तो भिंतीसारखा उभा आहे. नैर्ऋत्येचे बाष्पाने जड झालेले वारे त्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. घाट ओलांडून पूर्वेकडे उतरताना तीच हवा तापते व कोरडी होते. आपला बराचसा मुलूख या पर्जन्यछायेत आहे. आपले आषाढातले ढग नुसते तोंड दाखवून का जातात, हे आंबोलीत उभे राहिल्यावर पटते.

येथील अरण्य सदाहरित. झाडांची खोडेसुद्धा शेवाळाने हिरवी. हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, माशाची एक नवी जात २०२० साली नोंदली गेली; २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. गंमत अशी, की अरबी समुद्र इतका जवळ असूनही ही नदी पूर्वेला वळते आणि तिचे पाणी कृष्णेला मिळते. आपली तापी मात्र मुलताईहून निघून त्याच समुद्राकडे धावते.

घाट उतरला की सावंतवाडीची लाकडी खेळणी, वेंगुर्ल्याची जुनी डच वखार, आणि मग मालवण. समोर शिवाजीमहाराजांचा सिंधुदुर्ग. चहूकडे खारे पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी!

किनाऱ्यावर मात्र वेगळेच ऐकले. खाणावळीच्या मालकीणबाईंनी आमच्या दुष्काळाची चौकशी केली आणि मेमध्ये आपली विहीरही तळ गाठते, असे सहज सांगितले. एवढ्या पावसात? कारण पायाखाली आहे. जांभा दगड सच्छिद्र आणि जमीन उताराची; पाणी मुरते, पण थांबत नाही, समुद्राला जाऊन मिळते.

मग आम्ही त्यांना पांझरेकाठची फड पद्धत सांगितली : नदीला बंधारा, त्यातून पाट आणि पाळीपाळीने प्रत्येक शेताला पाणी.

"पाळी कोण ठरवतो?" त्यांनी विचारले.

"गावाने नेमलेला पाटकरी."

"आणि भांडण झाले तर?" याचे उत्तर देईपर्यंत ताटातला भात निवला.