चिखलाचा टायर, घाटाचा टायर

मे संपत आला की बेळगावात टायरच्या दुकानांसमोर थार, बोलेरो, जिम्नी, जुन्या जीपा अशा गाड्या दिसायला लागतात. पाऊस तोंडावर असतो, आंबोली-चोर्ल्याचे बेत ठरत असतात, आणि ज्याच्या घरी फोर-बाय-फोर आहे त्याच्या डोक्यात एकच चित्र असतं: मोठमोठ्या ठोकळ्यांचे टायर, बॉनेटपर्यंत उडालेला लाल चिखल आणि त्याचा फोटो. स्टेपनी धरून पाच टायर घ्यायचे म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाचा महिन्या-दीड महिन्याचा पगार सहज जातो. शिवाय त्याच टायरवर घरची माणसं घाट उतरतात. म्हणून हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे.

"साहित्य मंडळाच्या अंकात टायर कशाला?" असं कुणी विचारेलच, तर टायर येण्याआधी मराठीत त्याला शब्द होता हे सांगून टाकतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवायची ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लोहार ती लालभडक तापवायचा, फुगलेली असतानाच चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. आकसली की आरे, तुंबा सगळं घट्ट. धावेला नक्षी नव्हती आणि हवाही नव्हती, कारण बैल थांबले की गाडी थांबायची. गाडी स्वतःच्या वेगाने पळायला लागली आणि तिला थांबवायची वेळ आली, तेव्हापासून टायरचं खरं शास्त्र सुरू झालं.

आता दुकानात शिरू. तिथे तीन नावं कानावर पडतात. एच/टी म्हणजे हायवेचा टायर: बारीक, जवळजवळ बसवलेली नक्षी, आवाज कमी. एम/टी म्हणजे चिखलाचा: मोठे ठोकळे, त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या रुंद खाचा. आणि ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन, या दोघांच्या मधला. 'ऑल' या शब्दावर फार विश्वास ठेवू नका. सगळीकडे चालतो याचा अर्थ कुठेच पहिला नंबर काढत नाही, पण कुठे नापासही होत नाही.

चिखलात काय होतं ते बघा. ठोकळा मातीत रुततो, मागे ढकलतो, गाडी पुढे जाते. पण खाचेत माती बसून राहिली तर पुढच्या फेरीला टायर गुळगुळीतच. म्हणून एम/टीच्या खाचा रुंद असतात. चाक जोरात फिरलं की माती बाहेर फेकली जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावरच्या तिरक्या पट्ट्यांचं कामही तेच. खानापूरकडच्या लाल मातीत हे बऱ्यापैकी जमतं. पूर्वेला बैलहोंगलकडे काळ्या रानात मात्र पावसानंतर एम/टीसुद्धा दहा फुटांत मातीचा गोळा होतो. तिथले शेतकरी अशा दिवशी गाडी बाहेर काढत नाहीत. कुठल्याही टायरपेक्षा त्यांचा सल्ला भारी आहे.

ओल्या डांबराचं गणित वेगळं, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते. ओल्या रस्त्यावर दोन निरनिराळ्या अडचणी असतात. पहिली साचलेल्या पाण्याची. पुणे-बेंगळुरू हायवेवर पाच मिलिमीटर पाणी साचलंय आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चाललीय असं धरा. टायर रस्त्याला जिथे टेकतो तिथली रुंदी २० सेंटीमीटर मानली, तर एका चाकाला दर सेकंदाला सुमारे २२ लिटर पाणी, म्हणजे दीडएक बादली, बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की चाक पाण्यावर तरंगतं. मग स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नावापुरते उरतात. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर अभ्यास करून यासाठी एक सोपं सूत्र दिलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआय) वर्गमूळ काढा, त्याला नऊने गुणा. नक्षी झिजलेला टायर भरपूर पाण्यात साधारण तेवढ्या नॉट (ताशी सागरी मैल) वेगाला तरंगायला लागतो. हवा ३० असेल तर हा वेग येतो ताशी जवळपास ९० किलोमीटर. हवा २० वर आणलीत तर ७५. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा कमी करून तसेच हायवेला लागणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

इथे कुणी म्हणेल, मग एम/टीच बरा की! खाचा मोठ्या, पाणी जायला वाट मोठी. बरोबर. साचलेल्या पाण्यात तो वाईट नाही. पण चोर्ला घाटात पाणी साचत नाही, वाहून जातं. मागे उरतो तो पातळ ओलसर थर, त्यात चिखल, डिझेल आणि सडलेला पाला. ही दुसरी अडचण. इथे वेग तीस-चाळीसचाच असतो, पण वळण आणि ब्रेक एकाच वेळी येतात. इथे लागतं ते रस्त्याला टेकलेलं भरपूर रबर आणि त्या रबरावरच्या केसासारख्या बारीक चिरा, ज्या वळणावर किंचित उघडून तो थर कापतात. त्यांना साइप म्हणतात. एम/टीत रबर कमी टेकतं आणि अशा चिराही कमी असतात. चांगल्या ए/टीत त्या प्रत्येक ठोकळ्यावर असतात. दुकानात टायर हातात घ्या आणि बोटाने ठोकळा वाकवून बघा. चिरा उघडताना दिसतात. त्या वरवरच्या आहेत की खोलवर गेल्यात तेही कळतं. वरवरच्या असतील तर अर्धी नक्षी झिजेपर्यंत त्या नाहीशा झालेल्या असतात.

आणखी एक गैरसमज. फोर-बाय-फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद. ती गाडी पुढे न्यायला. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. म्हणजे घाट उतरताना थारला फोर-बाय-फोर असण्याचा ब्रेकसाठी काही फायदा नाही, उलट वजन जास्त. तिथे फक्त टायर.

मागच्या पावसाळ्यात एका दुकानात ऐकलेला हा संवाद. मुलगा सेकंड इयरचा असावा.

"काका, एम/टी दाखवा. मोठ्या बटणांचे."

"कुठं फिरवतोस रे बाळ गाडी?"

"कॉलेजला. आणि गोव्याला, महिन्यातून एकदा."

"मग चिखल कुठं लागतोय तुला?"

"ट्रेकला जाणार आहोत की काका, ऑगस्टमध्ये."

"एका दिवसासाठी वर्षभर कानात भोंगा घेऊन फिरणार काय?"

भोंगा म्हणजे एम/टीचा आवाज. ऐंशीच्या वेगाला गाडीत शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. डिझेलही जास्त जातं, आणि डांबरावर हे टायर लवकर झिजतात.

पण ज्यांना चिखल रोजचाच आहे त्यांचं काय? माझ्या मामांचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाला लागून. भीमगडच्या आसपासच्या गावांचे पावसाळ्यातले हाल आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. मामांच्या गावात जुलैत कुणाचे दिवस भरले किंवा कुणाला साप चावला, तर मामांची जीप हीच अॅम्ब्युलन्स. आधी चार किलोमीटर लाल चिखलाची वाट, मग तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ओलं डांबर. एम/टी घ्यावा तर याच माणसाने, असं मला वाटायचं. मामांनी ए/टी घेतलाय. कारण विचारलं तर म्हणाले, "चिखलात अडकलो तर ढकलायला चार पोरं येतात. वळणावर घसरलो तर कोण येणार रे?" जीपमध्ये मागे फावडं, दोर आणि दोन फळ्या असतात. चिखलात हवा ते १८-२० पर्यंत खाली आणतात, आणि डांबर लागलं की सिगरेट लायटरला लावायच्या छोट्या पंपाने परत भरतात. पेशंट गाडीत असताना ती पाच-दहा मिनिटं जीवावर येतात. पण ते थांबतात.

आता मापाकडे. थारला कंपनीकडून दोन मापं येतात: २५५/६५ आर १८ आणि २४५/७५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. हिशेब केला तर २५५/६५ आर १८ ची एकूण उंची सुमारे ७८९ मिलिमीटर भरते. गाडी उंच दिसावी म्हणून कुणी २६५/७० आर १८ बसवला तर ती होते ८२८, म्हणजे पाच टक्के वाढ. गाडी मात्र त्याच्या निम्मीच उचलली जाते, जेमतेम दोन सेंटीमीटर. त्या दोन सेंटीमीटरसाठी स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८४ असेल, इंजिनला आणि ब्रेकला जड चाक ओढावं-थांबवावं लागेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत कुठेतरी घासेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे फेरफार करण्याबद्दल आहे. अपघातानंतर क्लेमच्या वेळी वाद घालायला तेवढं निमित्त पुरतं. ड्रायव्हरच्या दारावरचा स्टिकर बघा, तेच माप घ्या.

मापाच्या पुढे १०९ टी असं काहीतरी छापलेलं असतं. १०९ म्हणजे एका टायरने पेलायचं वजन, १०३० किलो. टी म्हणजे जास्तीत जास्त वेग, ताशी १९०. वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको, एवढं पाहिलं की झालं. काही टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची पाकळी असं चिन्ह असतं. ते बर्फातल्या चाचणीचं. लडाखला निघाला असाल तर बघा. अनमोड घाटासाठी त्याचे जादा पैसे मोजू नका.

आपल्या भागात बाजूच्या भिंतीकडे मात्र जरूर लक्ष द्या. रस्त्याकडेचा फुटका चिरा, म्हणजे जांभा दगड, सुरीसारखी धार धरून असतो. समोरच्या नक्षीत खिळा घुसला तर पंक्चरवाला दहा मिनिटांत प्लग मारून देतो. भिंत फाटली तर टायर गेला. म्हणून भिंतीत तीन पदर असलेला टायर कच्च्या रस्त्यावर जास्त टिकतो. पण तो जड आणि टणक असतो, शहरातल्या खड्ड्यांत पाठ दुखवतो. गोव्यात चिरेखाणीकडे नेहमी जाणाऱ्याने घ्यावा. कॉलेज आणि बाजार करणाऱ्याने नको.

पैसे वाचवायला दोनच टायर बदलू असा मोह होतो. साध्या गाडीत ते एकवेळ चालतं. थारसारख्या गाडीत फोर-एचचा दांडा टाकला की पुढची-मागची चाकं एकाच गतीने फिरायला बांधली जातात. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असतील तर त्यांचा घेर वेगळा, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या मागच्या भागावर येतो. म्हणून चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, आणि स्टेपनीही तशीच. दर आठ-दहा हजार किलोमीटरला जागा बदलत राहा, म्हणजे सगळे सारखे झिजतील. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. घाटात रोज जाणाऱ्याने तीनवरच बदलावी.

पैसे देण्याआधी भिंतीवरचा चार आकडी शिक्का शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दोन वर्षांपूर्वीचा असेल तर दुसरा मागा, आणि पाचही टायरवर हा शिक्का बघा, एकावर बघून समाधान मानू नका. नव्या टायरवर साच्याचा तेलकट थर असतो, तेव्हा पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवा. आणि शंभरएक किलोमीटर झाल्यावर परत दुकानात जाऊन नट आवळून घ्या. त्याचे पैसे कुणी घेत नाही.