मांडवीवरचे चक्र आणि मोठ्या संख्यांचा नियम

पणजीला मांडवीच्या पात्रात नांगरलेली कॅसिनो जहाजे पर्यटकांना हौसेचा भाग वाटतात, परंतु ती पाण्यावर का आहेत याचे उत्तर कायद्यात सापडते. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरील खेळांना वाट करून दिली आणि १९९६ च्या दुरुस्तीने टेबलावरचे खेळ जहाजांवर खेळवण्यास मुभा दिली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला.

कॅसिनोचा धंदा नशिबावर चालतो, हा समज गणिताला मान्य नाही. रूलेट या खेळात फिरत्या चक्रावर चेंडू सोडतात. युरोपीय चक्राला ३७ खण असतात, त्यांपैकी १८ लाल, १८ काळे आणि शून्याचा एक हिरवा. लाल रंगावर लावलेले १०० रुपये जिंकले तर तेवढेच आणखी मिळतात, पण जिंकण्याची शक्यता ३७ पैकी १८ असल्यामुळे दर डावाला सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे जातात. लास वेगासमध्ये रूढ असलेल्या दोन शून्यांच्या, ३८ खणांच्या चक्रावर हीच रक्कम ५ रुपये २६ पैसे होते.

एवढ्याशा गाळ्यावर वाळवंटात शहर कसे उभे राहते, हे याकोब बर्नोली या स्विस गणितज्ञाने सिद्ध केलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संख्यांच्या नियमावरून कळते: डाव वाढत जातात तसतशी प्रत्यक्ष सरासरी अपेक्षित सरासरीच्या जवळ येते. युरोपीय चक्रावर १०० रुपयांचे १०० डाव झाले तर कॅसिनोचा अपेक्षित नफा २७० रुपये, पण नशिबाचा चढउतार, ज्याचे माप संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणून ओळखले जाते, सुमारे १,००० रुपये असतो. म्हणजे खेळणारा सहज जिंकून उठू शकतो. डाव १० लाख झाले की नफा २७ लाखांवर जातो आणि चढउतार अवघा १ लाख राहतो, कारण नफा डावांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, तर चढउतार तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात.

परभणी तालुक्यातील पिंगळीच्या काळ्या रानात कापूस-सोयाबीन घेणारा कोरडवाहू शेतकरी पावसाशी जुगार खेळतो, असे म्हणण्याची पद्धत आहे; उपमा बोलकी असली तरी ढिली आहे. रूलेटची शक्यता पैशापर्यंत मोजता येते, पावसाची तशी येत नाही, शिवाय वर्गमुळाचा आधार मिळायला डाव पुष्कळ लागतात. कॅसिनोतले चक्र तासाभरात साधारण चाळीस वेळा फिरते. शेतकऱ्याच्या वाट्याला तेवढे खरीप हंगाम यायला चाळीस वर्षे लागतात.