सुटीतला विरंगुळा (भाग ३) : जत्रेतला दशावतार पुरा बघा

मागच्या आठवड्यात दिवाळी अंकांबद्दल लिहिलं होतं. ते घरबसल्या मिळणारं सुख. आज मात्र घराबाहेर पडायचं आहे, तेही थंडीत आणि मध्यरात्री.

नाताळच्या सुटीत मुंबई-पुण्याची हजारो माणसं गोव्याकडे निघतात. कुडाळ, सावंतवाडी ही त्यांच्या लेखी वाटेवरची नावं. पण त्याच रात्री महामार्गापासून थोडं आत, एखाद्या सातेरीच्या किंवा रवळनाथाच्या देवळासमोर दशावतार हे लोकनाट्य रंगलेलं असतं. दक्षिण कोकणातल्या जत्रा कार्तिकात सुरू होतात. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा होते आणि मग गावोगावचे दिवस लागतात ते उन्हाळ्यापर्यंत. डिसेंबरात हा हंगाम भरात असतो. सीमेपलीकडे पेडण्यातही हेच.

दिवस तिथीवर ठरतात, म्हणून राहायला जाल तिथल्या घरमालकाला किंवा रिक्षावाल्याला आधी विचारा. आज कुठे कोणत्या मंडळाचा खेळ आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. गेल्यावर घाई करू नका. देवीची पालखी प्रदक्षिणा घालून आल्याशिवाय खेळ उभा राहत नाही. तोवर खाजं घ्या, जत्रा फिरा.

आधी येतो तो आडदशावतार, म्हणजे खेळाचा पूर्वरंग. मृदंग, पायपेटी आणि झांजेवर नमन होतं. ऋद्धी-सिद्धीसह गणपती येतो, भटजी त्याची पूजा सांगतो, सरस्वती येते. मग वेद चोरणारा संकासुर प्रकटतो : काळा वेष, तोंडावर काळं कापड, त्यातून लोंबणारी लाल जीभ. तो मालवणीत बोलतो, प्रेक्षकांच्या खोड्या काढतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. बरेच पाहुणे हा भाग चहाच्या टपरीवर घालवतात. अलीकडे काही मंडळंही तो आटोपता घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. देवाला आणि असुराला एकाच अंगणात इतक्या जवळून बघण्याची ही जागा आहे. ती चुकवू नका.

त्यानंतरचं आख्यान म्हणजे या कलेचा खरा कस. रामायण-महाभारतातली किंवा पुराणातली एक कथा ठरते, कोण काय करणार ते रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या जागेत, सांगितलं जातं, आणि बस्स. लिहिलेली संहिता नसते. संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. एका राजाने धर्माचा प्रश्न टाकला की समोरच्याला त्याच तोलाचं उत्तर, तेही भारदस्त मराठीत, तिथल्या तिथे सुचावं लागतं. सुचलं की वाद चढत जातो. अडला तर पेटीवाला सूर धरून त्याला सावरून घेतो. आज पाहिलेलं आख्यान उद्या शेजारच्या गावात त्याच नटांनी केलं तरी वेगळंच होणार. सभागृहात तासाभरात बसवलेले दशावताराचे प्रयोग मी आवडीने बघतो, पण नटाला सुचण्यासाठी लागणारा वेळ तिथे नसतो. म्हणूनच रात्रभर बसायचं.

रंगमंचावर एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच शयनगृह, गरज पडली तर डोंगरसुद्धा. हल्ली धूर आणि रंगीत दिव्यांचे ‘ट्रिकसीन’ खेळ गर्दी खेचतात. त्यांतही कष्ट आहेत, पण निवड तुमच्या हातात असेल तर साधा खेळ बघा. बायकांची कामं पुरुष करतात. ओमप्रकाश चव्हाणांसारख्या नटाची स्त्री-भूमिका पाहिली की ती नक्कल वाटतच नाही. नेरूरचे बाबी कलिंगण आणि त्यांचे पुत्र सुधीर कलिंगण यांची नावं आजही जत्रेत आदराने निघतात. सुधीर 2022 मध्ये गेले. ‘लोकराजा’ ही पदवी त्यांना लोकांनीच दिली होती.

रंगपटात डोकावायचं असेल तर विचारून जा आणि पादत्राणं बाहेर काढा. गणपतीचा मुखवटा तिथे पूजेत असतो. नट आपली रंगभूषा स्वतःच करतात, तेव्हा मध्ये मध्ये बोलू नका. पूर्वी हीच माणसं पेटारा घेऊन गावोगाव पायी जात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यातूनच आली. आता टेम्पो आहे, तरी हंगामात रोज नवं गाव आणि रोजचं जागरण सुटलेलं नाही.

उजाडताना दहीकाल्याची हंडी फुटते आणि खेळ संपतो. या खेळाला तिकीट नसतं. मंडळाचं मानधन गाव देतं. एखाद्या नटाचं काम मनापासून आवडलं तर त्याच्या नावाने बक्षीस द्या. रक्कम लहान असली तरी चालते.

पुढच्या भागात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव.