ला पाझ : विरळ हवेतील पहिला दिवस

कुपवाड समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटर उंच. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाचा कारभार जेथून चालतो ते ला पाझ शहर सुमारे ३,६४० मीटरवर, आणि त्याचा विमानतळ त्याहून वर, एल आल्तोच्या पठारावर, चार हजार मीटरपलीकडे. तेथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जवळपास चाळीस टक्के कमी. कारखान्यात दिवसभर उभा राहणारा आपला धडधाकट तरुणही पाठीवर सामान घेऊन तेथे उतरला, की दहा पायऱ्यांत धापा टाकू लागतो.

पठारावरून शहरात उतरण्यास २०१४ पासून आकाशपाळण्यांची सोय आहे. पाळण्यातून खाली विटांच्या घरांनी भरलेली प्रचंड दरी दिसते आणि पलीकडे ६,४०० मीटरहून उंच असा हिमाच्छादित इयिमानी. येथे जगाची रीत उलटी आहे : श्रीमंतांची वस्ती खाली, उबदार भागात; कष्टकऱ्यांची वर, गारठ्यात.

पहिल्या दिवशी फिरण्याची हौस आवरावी. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे हे प्रकार सामान्य होत. परंतु बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला वा बोलण्यात गोंधळ झाला, तर तत्काळ कमी उंचीवर उतरावे आणि वैद्य गाठावा. निर्जळ उपवासाचा संकल्प असल्यास शरीर रुळेपर्यंत तो पुढे ढकलणेच श्रेयस्कर. कोरड्या हवेत शरीरातील पाणी नकळत घटते. चौविहार पाळणाऱ्याने दिवसाउजेडीच पुरेसे पाणी प्यावे. सूर्यास्त तेथे वर्षभर सहा ते सातच्या दरम्यान होतो. पाणी या उंचीवर सुमारे ८८ अंशांनाच उकळते, म्हणून ते काही मिनिटे अधिक उकळू द्यावे. डाळ तर कुकरवाचून लवकर शिजतच नाही.

खरी कसोटी ताटाची. बटाट्याची शेती मुळात याच पर्वतराजीत सुरू झाली. बाजारात जांभळे, पिवळे, काळपट, गाठाळ बटाटे ढिगांनी मांडलेले असतात. थंडीत गोठवून वाळवलेला चुन्योही बटाट्याचाच. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्याने उपाशी राहावे काय? मुळीच नाही. किन्वा आहे, टपोऱ्या दाण्यांचे मक्याचे कणीस आहे, शेंगवर्गीय दाणे आहेत, उतारावरच्या उष्ण भागातून येणारी केळी, संत्री, पपई आहेत. जांभळ्या मक्याचे दालचिनी-लवंग घातलेले ऊन ऊन ‘आपी’ सकाळी फार सुखावते. मात्र किन्व्याचे सूप बहुधा मांसाच्या रश्श्यात शिजवतात. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढे सांगून भागत नाही. अनेकांच्या लेखी कोंबडी ‘कार्ने’त मोडत नाही. ‘नि पोयो, नि पेस्कादो, नि हुएवो’ असे कोंबडी, मासा, अंडे वेगळे नाकारावे लागते. कांदा म्हणजे सेबोया, लसूण म्हणजे आहो.

कोकाच्या पानांचा चहा तेथे सर्रास मिळतो, पण ती पाने भारतात आणणे गुन्हा आहे. चेटकिणींचा म्हणून ओळखला जाणारा बाजार टाळलेलाच बरा. तेथे लामाची वाळवलेली अर्भके विकावयास टांगलेली असतात.

भाजीबाजार मात्र व्यापाऱ्याने अवश्य पाहावा. गोल टोपी व घेरदार परकर ल्यालेल्या आयमारा स्त्रिया रस्त्याकडेला पथारी मांडून बसतात. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ‘कासेरा’ म्हणतात, आणि माल मोजून झाल्यावर वर मूठभर अधिक घालतात. त्या मुठीला तेथे ‘यापा’ असे नाव आहे. गिऱ्हाईकही ती हक्काने मागून घेते.