थकलेलं बिल आणि पंचेचाळीस दिवसांचा कायदा

मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यांत आणि साकी विहार रोडवरच्या छोट्या ऑफिसांत बसून डिझाइनचा, हिशेबाचा किंवा यंत्रदेखभालीचा सल्ला देणारे अनेक जण असं धरून चालतात, की कंपनीला वाटेल तेव्हा पेमेंट येणार आणि आपण तोवर फोन करत राहायचं. ‘एमएसएमई’ म्हटलं की त्यांना कारखानाच आठवतो. वस्तुस्थिती अशी, की 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात सेवाही येतात. एकट्याने काम करणारा सल्लागार आधारच्या साहाय्याने ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो, तीही फुकट. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला खुशाल वाटेला लावावं.

दुसरा गैरसमज करारातल्या ‘90 दिवसांनी पेमेंट’ या ओळीचा. तिच्यावर सही केली म्हणजे आपण बांधले गेलो, असं वाटतं. पण सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं, आणि लेखी करारच नसेल तर 15 दिवसांत. काम हाती आल्यावर 15 दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असंच धरलं जातं. म्हणून अहवाल कोणत्या तारखेला पाठवला, हे दाखवणारा ईमेल बिलाइतकाच महत्त्वाचा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. बँक रेट साडेपाच टक्के धरला, तर हा दर वार्षिक साडेसोळा टक्के होतो. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी हे व्याज टळत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप: कायदा दाखवला की ग्राहक तुटतो. भीती खोटी नाही. तक्रारीसाठी असलेली सुविधा परिषद 90 दिवसांत निर्णय देईल, असं कायदा म्हणतो. पण त्या मुदतीवर भरवसा ठेवून घरखर्चाचा हिशेब मांडू नये. मात्र कायद्याचा खरा उपयोग तक्रारीच्या आधीच होतो. 2023 च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम 43बी मध्ये भर घातली. ती 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. मुदत उलटून गेलेलं आणि 31 मार्चला थकलेलं बिल ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजावट मिळते. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की मार्चएंडला ग्राहकाचाच अकाउंटंट तुमच्या बाजूने बोलू लागतो, आणि त्यासाठी भांडावं लागत नाही. याच कारणाने काही ग्राहक नोंदणी नसलेला सल्लागार शोधतील, हे खरं. पण जो ग्राहक 45 दिवसही कबूल करत नाही, तो तुमच्या पैशावर बिनव्याजी धंदा करतो आहे. असा ग्राहक गेला तर नुकसान किती, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

‘नोंदणी काय, वाद झाल्यावर करू’ हाही समज महागात पडतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालात नंतरच्या नोंदणीचा मागल्या व्यवहाराला लाभ नाकारला. 2025 मध्ये दुसऱ्या पीठाने त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. या अनिश्चिततेवर आपलं बिल कशाला टांगून ठेवायचं? थकलेलं बिल जीएसटीमुळेही महागात पडतं. सेवेतली वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली, की साधारणपणे कर बिलाच्या तारखेपासून देय होतो, पैसे येवोत न येवोत. थकलेल्या बिलावरचा 18 टक्के कर खिशातून भरण्यापेक्षा कामाचे टप्पे पाडून आगाऊ रक्कम मागणं शहाणपणाचं. आगाऊवरही कर लागतो, पण तो हातात आलेल्या पैशातून.

शेवटचा समज सर्वांत घातक: ‘पुढच्या आठवड्यात करतो’ असं फोनवर मिळालेलं आश्वासन पुरेसं आहे, हा. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते आणि तोंडी कबुलीने ती वाढत नाही; सही असलेली लेखी कबुली किंवा नोंद असलेलं अंशतः पेमेंट लागतं. जुनी बिलं काढून तारखा पाहा, आणि तिसरं वर्ष सरत आलं असेल तर ही कबुली मुदत संपण्याआधी हातात घ्या.